जिन्याची अकरावी पायरी

आमच्या घरात फोन लागतो तो जिन्याच्या अकराव्या पायरीवर. दहाव्या पायरीपर्यंत नुसती खरखर, अकराव्या पायरीवर दोन दांड्या. गच्चीवर चांगला लागतो. पण गच्चीपर्यंत वीस पायऱ्या आहेत आणि आईचे गुडघे तिला तितकं चढू देत नाहीत. म्हणून अकराव्या पायरीवर मी गोणपाटाची घडी टाकून ठेवली आहे. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आई एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात फोन घेऊन वर येते, घडीवर टेकते आणि पुण्यातल्या नातीशी बोलते. “आयकू येते काय वं?” हे तिचं पहिलं वाक्य. बऱ्याचदा शेवटचंही तेच असतं.

परवा बोलणं असंच मध्येच तुटलं. आई फोन मांडीवर ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, “पयले बरं होतं बापा. फोन बंद पडला तं लाईनमन येत होता.”

मी खालच्या पायरीवर बसलो होतो. पहिले सगळं बरं होतं, हे मला पटत नाही. एका फोनसाठी माणसं किती ताटकळत, ते मी पाहिलं आहे. पण लाईनमन येत होता, हे आईचं म्हणणं खरं आहे. त्या रात्री झोप लागेपर्यंत मी तेच घोळवत राहिलो.

माझ्या लहानपणी, १९७० च्या दशकात, आमच्या आळीत कुणाकडे फोन नव्हता. फोन असायचा मोठ्या अडत्याकडे, जिनिंगवाल्याकडे, डॉक्टरांकडे. बाकी गावाला तारघर. आमचा पानमळा होता. विड्याचं पान आणि पानपिंपरी ही आमच्या अंजनगाव सुर्जीची जुनी ओळख. बारी समाजानं पिढ्यानपिढ्या हे मळे राखले. पांगारा आणि शेवरीच्या आधारानं वेल वर चढवायचे, त्यांना पोरांसारखं जपायचं. बाहेर वैशाखाचं ऊन डोकं भाजत असताना मळ्यात शिरलं की ओल्या मातीचा आणि पानांचा गार वास यायचा. पण पान नाशवंत. खुडून करंडीत भरलं की चार दिवसांत ते गिऱ्हाइकाच्या तोंडी गेलं पाहिजे. परगावच्या व्यापाऱ्याला माल हवा की नको, भाव काय, हे कळलं नाही तर करंड्या जागच्या जागी सडायच्या. म्हणून ट्रंककॉल.

ट्रंककॉलच्या दिवशी बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून नेत. खिडकीशी नंबर लिहून द्यायचा आणि बाकावर बसायचं. साधा कॉल, अर्जंट कॉल, लायटनिंग कॉल असे तीन प्रकार. अर्जंटला दुप्पट पैसे, लायटनिंगला आठपट. लायटनिंग आम्ही कधीच केला नाही. बाबा साधाच लावत, आणि फार घाई असली तर अर्जंट. मग वाट पाहणं सुरू. ऑपरेटर अमरावतीला हाक मारत, अमरावतीहून पुढे कुणी तरी पुढच्या गावाला हाक मारत, आणि अशा हाका एकीला एक जोडत आवाज पोचायचा. पोचला की बाबा उभे राहून, डोळे मिटून ओरडत. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये सांगत. बाकावरच्या साऱ्या मंडळींना आमच्या पानाचा भाव कळलेला असायचा. एखाद्या दिवशी वाऱ्यानं वाटेत कुठं तार तुटलेली असे, संध्याकाळपर्यंत कॉल लागत नसे. तेव्हा बाबा चिठ्ठी लिहून रात्रीच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देत. ती चिठ्ठी पोचायची.

तार आली म्हणजे घरात आधी रडणं सुरू व्हायचं, मग ती वाचली जायची. माझ्या मोठ्या मावशीच्या जाण्याची तार मला आठवते. आई चुलीपुढून उठली ती हात न धुताच. ती तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, तेव्हा वर्तमानपत्रातली बातमी मी आईला वाचून दाखवली. तिनं फक्त “बरं झालं” म्हटलं.

बाबांनी फोनसाठी अर्ज केला तो १९८८ मध्ये आणि फोन घरात वाजला तो १९९५ मध्ये. सात वर्षं. तेवढ्यात माझं कॉलेज झालं, नागपूरचं शिक्षण झालं. नागपुरात १९९२-९३ मध्ये मी पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रांगेत उभा राहत असे. काचेची खोली, आत पंखा नाही, समोर लाल आकडे पळताहेत. रात्री अकरानंतर पावपट दर, म्हणून खरी गर्दी तेव्हाच. पण मला अकरापर्यंत थांबून उपयोग नव्हता, कारण आमचा फोन ‘पी.पी.’ होता, म्हणजे तीन घरं सोडून असलेल्या किराणा दुकानदारांचा. आता ही दोन अक्षरं कुणाला सांगावी लागतील असं वाटलं नव्हतं. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर नंबरापुढे कंसात ‘पी.पी.’ लिहिलेलं असे. त्याचा अर्थ: फोन शेजाऱ्यांचा आहे, ते बोलावून देतील. मी लावायचो, म्हणायचो, “काका, आईला बोलावता का, दहा मिनिटांनी परत करतो.” मग काकांचा पोरगा पळत आमच्या दारात. आई पिठाच्या हातानं धावत. परत लावला की आधी तिचा दम लागलेला श्वास ऐकू यायचा, मग आवाज. त्या दुकानदारकाकांनी किती घरांचे निरोप असे वाहिले असतील! रात्रीबेरात्री दुखण्याखुपण्याचा फोन आला तर ते स्वतः कंदील घेऊन निघत. पैसे कधी घेतले नाहीत. दिवाळीला आई त्यांच्याकडे अनारसे पाठवायची, एवढंच.

घरी फोन आला त्याच वर्षी, ३१ जुलै १९९५ ला, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. आम्हाला त्याचं काही नव्हतं. आम्ही नव्या फोनवर आईनं विणलेला रुमाल घालण्यात गुंतलो होतो.

आमच्यासारख्या गावांपर्यंत फोन येऊ शकला, त्यामागे १९८४ साली सुरू झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेचं मोठं काम आहे. सॅम पित्रोदा आणि त्यांच्या तरुण अभियंत्यांनी खेड्यांसाठी लहान एक्स्चेंज घडवलं, वातानुकूलित खोली नसली तरी चालणारं, धुळीत आणि उन्हात टिकणारं. वऱ्हाडात उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. बाहेरून आणलेली नाजूक यंत्रं इथं कशी तगली असती? आपल्या मातीचा विचार करून कुणी तरी काही बनवलं होतं, याची मला आजही कृतज्ञता वाटते.

आणि मग लाईनमन.

आम्ही त्याला लाईनमनभाऊ म्हणायचो. शिडी वाहणारा रोजंदारीवरचा पोरगा म्हणून तो लागला आणि पुढे कायम झाला. सायकलच्या हँडलला काळ्या तारेचं वेटोळं, कमरेला चामडी पट्टा, पट्ट्यात पक्कड आणि पेचकस, खांद्याला अडकवलेला टेस्टचा फोन. फोन मुका झाला की शेजारच्यांकडून १९८ फिरवायचं, नाही तर सरळ एक्स्चेंजवर जाऊन तक्रारवहीत लिहून यायचं. वहीत आपल्या आधीच्या तक्रारीही दिसत: कुणाचा फोन किती दिवसांपासून बंद आहे, कुणाचा काल सुरू झाला. आपला नंबर कितवा आहे ते कळायचं.

मग एक दिवस, कधी दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्यानं, सायकलची घंटी. तो आत येई, रिसीव्हर उचलून कानाला लावी, त्यात फुंकर मारी आणि सांगे, “जोडात पानी गेलं.” किंवा, “तार तुटली हाये, वानरं उतरले होते काल.” सातपुड्याच्या पायथ्याकडून वानरांच्या टोळ्या यायच्या त्या तारांवर झोके घेत. मृगाच्या वाऱ्यात बाभळीची फांदी पडायची. कडब्याची उंच गाडी तार ओढून न्यायची. पावसात जमिनीखालच्या केबलच्या जोडात पाणी शिरलं की दुसऱ्याचं बोलणं आपल्या फोनवर यायचं, आणि आमच्या आईला एकदा अख्ख्या साखरपुड्याची बोलणी अशीच ऐकू आली होती. भाऊ लिंबाजवळच्या खांबावर चढायचा, टेस्टचा फोन लावून वरूनच ओरडायचा, “हॅलो एक्स्चेंज, अंदर रिंग मारा!” घरात घंटी खणाणली की आम्ही अंगणातून ओरडून सांगायचो, “वाजला!” मग तो खाली येऊन ओसरीत चहा घ्यायचा.

त्यानं कधी उशीर केला नाही असं मी म्हणणार नाही. एकदा पावसाळ्यात आमचा फोन सव्वा महिना बंद होता. बाबा रागावले, तर तो अंगणात उभा राहून ऐकत राहिला आणि म्हणाला, “काका, केबल खपली हाये. आली का पयला तुमचा.” केबल आली तेव्हा तो दिवेलागणीला आला आणि कंदिलाच्या उजेडात जोड बसवून गेला. बाबांचा राग कुणावर तरी काढता आला होता, आणि ज्याच्यावर काढला त्यानं तो ऐकून घेतला होता. पुढे पुढे टेलिफोन अदालती भरू लागल्या. बिलाचा वाद हातात घेऊन साधा शेतकरी अधिकाऱ्यांच्या टेबलापुढे उभा राहू शकत असे.

मोबाईल आमच्याकडे चार-दोन हातांत दिसू लागला तो २००३ च्या आगेमागे. त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून येणाऱ्या फोनचे पैसे लागेनासे झाले आणि मग काय, पुढच्या काही वर्षांत गडी, मजूर, भाजीवाल्या, साऱ्यांच्या हाती फोन. ते दिवस मी आनंदानं पाहिले. मळ्यातून घरी निरोप द्यायला माणूस धाडावा लागेना. मिस्ड कॉलची एक भाषा तयार झाली: एक दिला तर निघालो, दोन दिले तर पोचलो. बाबांनी अखेरच्या वर्षांत पानाचा भाव खाटेवर पडल्या पडल्या विचारला. ज्यांनी उभं राहून डोळे मिटून ओरडत भाव विचारले होते, त्यांना हळू आवाजात बोलून चालतं याची सवय होईना. ते अखेरपर्यंत मोबाईलमध्येही ओरडतच बोलले.

घरातला जुना फोन आम्ही २०१२ मध्ये परत केला. भिंतीवरचं लाकडी पट्टीवरचं रोझेट, म्हणजे तार जोडायची डबी, आणि त्यात अडकलेली तार तेवढी राहिली.

आता हातात फोन आहे, आणि त्या फोनवर आमचं सारं चालतं. पूर्वी फोन बंद पडला तर भाव कळायचा नाही. आज बंद पडला तर शेती, रेशन, पैसा सगळंच अडतं. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली: आपलं पीक आपणच, आपल्या शेतात उभं राहून, फोनवर फोटोसह नोंदवायचं. कल्पना चांगली आहे, तलाठ्याच्या मागे फिरणं संपलं. पण शेतात टावर हवा. रेशन दुकानात अंगठा घेणारं यंत्र आहे, त्याला टावर हवा. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला ओटीपी हवा. आळीतल्या बाया त्यासाठी आमच्या याच जिन्यावर ओळीनं बसून ओटीपीची वाट पाहत होत्या. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलाय, त्यात सिमकार्ड असतं. घरून नंबर लावला की मोटर सुरू. वऱ्हाडात शेतीची लाईन बऱ्याचदा रात्रीची असते. टावर असला तर शेतकरी अंथरुणातून मोटर लावतो. नसला तर बारा वाजता बॅटरी घेऊन, सापाविंचवातून, धुऱ्यानं चालत जातो. आमच्या वरच्या शिवारात बिबट्याच्याही पाऊलखुणा दिसतात. रेंज नाही म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगताना मला नेहमी हे रात्रीचं चालणं आठवतं.

टावरवर काम करणाऱ्या एका तरुण तंत्रज्ञानं मला एकदा समजावलं होतं. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, भिंतीतूनही बऱ्याच आत शिरतात. १८०० किंवा २३०० च्या लहरी माहिती भरभर वाहतात, पण जाड भिंत, टिनपत्रा आणि ओला झाडोरा यांच्यापुढे त्या लवकर थकतात. आमच्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती दीड-दोन हात रुंद आहेत. पानमळा तर बारमाही ओला, पानावर पान. त्यामुळे मळ्यात फोन मुका असतो, यात नवल नाही. शिवाय एका टावरची ताकद सगळ्यांत वाटली जाते. रात्री आठनंतर घरोघरी व्हिडिओ सुरू झाले की आईच्या बोलण्याचे तुकडे पडतात. हे सारं मला कळलं, पटलं. पण त्या तरुणाकडे पाचपन्नास टावर होते आणि तो पुन्हा कधी दिसला नाही.

मागे एका पावसाळ्यात आमच्या खालच्या शेतात पाणी साचून सोयाबीन सडलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पीकविम्यासाठी ७२ तासांच्या आत नुकसानीची सूचना द्यायची होती, ॲपवर नाही तर टोल फ्री नंबरवर. नेमका त्याच रात्री वाऱ्यानं विजेचे खांब पडले. टावरची बॅटरी काही तास चालली, मग तीही संपली. डिझेल कुणी आणलं नाही. एकाच टावरवर तीन कंपन्यांची यंत्रं लटकलेली, त्यामुळे कुठलंही सिम असो, गाव सारखंच मुकं. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोटरसायकल काढली आणि पथ्रोटच्या दिशेनं फोनकडे पाहत निघालो. एका लिंबाच्या झाडाखाली सात-आठ शेतकरी आधीच उभे होते, हात वर करून. “अठीच येते टावर, भाऊ. पुढं नका जाऊ.” त्यांच्यातही एकाच्याच फोनला धड जोडणी मिळत होती. अनोळखी पोरगा, पंचविशीचा. त्यानं आपला फोन दिला, एकेकाची माहिती भरली, फोटो पाठवले. माझं झाल्यावर मी चहाचे पैसे देऊ केले तर म्हणाला, “राहू द्या नं काका, यात काय.” मला तीन घरं सोडून असलेले ते किराणा दुकानदार आठवले.

टावर चौथ्या दिवशी सुरू झाला. मी ठरवलं, तक्रार करायची. नंबर तोच निघाला: १९८. मोबाईल कंपन्यांच्या तक्रारीचाही टोल फ्री नंबर हाच आहे. तो दाबताना माझ्या बोटांना जुनी ओळख लागली. पण पलीकडे एक्स्चेंज नव्हतं. ध्वनिमुद्रित आवाजानं भाषा विचारली, मग एक दाबा, तीन दाबा, नऊ दाबा. बऱ्याच वेळानं एक मुलगी बोलली, अदबीनं, थकलेल्या आवाजात. तिनं गाव विचारलं. मी सांगितलं, अंजनगाव. तिनं तक्रार नोंदवली, क्रमांक दिला. दोन दिवसांनी संदेश आला की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. पुन्हा फोन केल्यावर कळलं, नोंद अंजनगाव बारीची झाली होती. ते गाव बडनेऱ्याजवळ, आमचं सातपुड्याच्या पायथ्याशी; जिल्हा तेवढा एकच. त्या मुलीचा काय दोष? तिच्यापुढे पडद्यावर दोन अंजनगावं होती आणि तिनं वऱ्हाड कधी पाहिलं नसावं. १८०३ साली ३० डिसेंबरला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात इथं तह झाला, त्या तहानं सुर्जी-अंजनगाव हे नाव इतिहासाच्या पुस्तकांत गेलं. घोड्यावरच्या हरकाऱ्यांना ते बरोबर सापडलं होतं.

दुसऱ्यांदा नोंदवलेली तक्रारही ‘निवारण’ होऊन बंद झाली. मी हट्टानं पुढे गेलो. २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीनं समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्यानं ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. मी अपील केलं. उत्तर आलं की आपल्या भागात सेवा समाधानकारक आहे. कंपनीच्या नकाशावर आमचं शिवार खरोखरच रंगवलेलं दिसतं. १९०० वर संदेश पाठवून नंबर दुसऱ्या कंपनीत नेण्याची सोय २०११ च्या जानेवारीपासून देशभर आहे, शेजारच्यांनी नेला. टावर तोच, डिझेल तेच.

मग मी खोलात वाचू लागलो आणि वाचता वाचता मन जड झालं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं १८८५ च्या तार कायद्यातल्या कलमाचा आधार घेऊन टेलिफोनचे वाद ग्राहक मंचापुढे चालणार नाहीत असं म्हटलं होतं. ज्या वर्षांत गावोगाव फोन पोचला, त्याच वर्षांत ग्राहकासाठी हे दार जवळजवळ मिटलेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं मोबाईलचा ग्राहक ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो हे स्पष्ट केलं. चांगलं झालं. पण आयोग अमरावतीला. एक तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं जाणं-येणं. बोलणं मध्येच तुटलं तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम दूरसंचार नियामक ट्रायनं २०१५ मध्ये केला होता. मे २०१६ मध्ये तो न्यायालयात रद्द झाला. २०२४ च्या नव्या नियमांत सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर भरपाईची तरतूद आहे, पोस्टपेडला भाड्यात सूट, प्रीपेडला मुदतवाढ. पण हिशोब जिल्ह्याच्या पातळीवरचा. आमचा एक टावर चार दिवस मेला तरी अमरावती जिल्हा जिवंतच असतो. आणि रिचार्जचा २८ दिवसांचा महिना त्या चार दिवसांसाठी थांबत नाही.

आमच्याहून वाईट दशा उत्तरेला आहे. स्वच्छ सकाळी गच्चीवरून मेळघाटचे डोंगर दिसतात. परतवाड्याहून सेमाडोहकडे घाट चढू लागलं की फोन हळूहळू घड्याळ होऊन जातो, वेळ सांगण्यापुरता. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, दूरचित्रवाणीच्या मोकळ्या लहरींवरून तिथं इंटरनेट नेण्याचा प्रयोग झाला. त्याच मेळघाटात आतल्या पाड्यांवर बाळंतिणीसाठी गाडी बोलवायची तर कुणी तरी टेकडी चढून जातं. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं देशातल्या २४,६८० वंचित गावांसाठी फोरजीची योजना मंजूर केली. त्यातले टावर डोंगरात उभे राहावेत, आणि राहिले तर त्यांत डिझेल आणि बॅटरीही असावी, असं मी मनापासून मागतो. टेकडीवर उभ्या असलेल्या त्या माणसाची तक्रार १९८ वर जाणार तरी कशी?

लाईनमनभाऊ अजून गावातच राहतो. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे ७८ हजारांहून जास्त कर्मचारी स्वेच्छेनं निवृत्त झाले, त्यांत तोही होता. आता त्याचं लहानसं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. पण टावर गेला की लोक त्याच्याच दुकानात येतात. “भाऊ, कावून गेला असंन?” तो दुकानाबाहेर येऊन टावरच्या दिशेनं पाहतो, आणि माणसांना सांगतो लाईट गेली आहे की केबल तुटली आहे. रस्त्याचं खोदकाम सुरू असलं तर जाऊन जेसीबीवाल्याला विचारतो. हे कुणी त्याला सांगितलेलं नाही, त्याचे पैसेही कुणी देत नाही.

आई बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला घरी बोलावलं. तो आला, आता स्कूटीवर. केस पिकले आहेत, पण पेचकस अजून वरच्या खिशात. आईचा फोन घेऊन तो अकराव्या पायरीवर उभा राहिला, मग दहाव्या, मग बाराव्या, जुन्या सवयीनं फोन दोन्ही बाजूंनी कानाला लावून पाहिला. “काकू, अठून काही करता येत नाही व. तुमची पायरी बरोबर हाये.”

आईनं मान हलवली आणि चहा ठेवायला गेली. आम्ही ओसरीत बसलो. त्याची नजर भिंतीकडे गेली. “तुमची तार लिंबाच्या खांबावरून होती,” तो म्हणाला, “डीपीत सातवा जोड.” आमचा तीन आकडी नंबर मला आठवावा लागला असता, त्यानं तो आपसूक सांगितला.

मग तो उठला, भिंतीजवळ गेला. तेरा वर्षांत त्या रोझेटला कुणी हात लावला नव्हता. एक स्क्रू ढिला होऊन पट्टी खाली लोंबत होती. त्यानं खिशातून पेचकस काढला, तारेवरची धूळ अंगठ्यानं पुसली, आणि तो स्क्रू घट्ट आवळला.